अँटिव्हायरस आहे, पण विंडोजच्या हजेरीपटावर नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात वर्षांचा डेस्कटॉप फार रेंगाळू लागला म्हणून एसएसडी बसवली. दुकानदाराने तिच्यावर विंडोज १० नव्याने टाकून दिली आणि जुनी हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून तशीच ठेवली. अँटिव्हायरसची काही महिन्यांची मुदत शिल्लक होती, म्हणून घरातल्या सीडीवरून तो परत टाकला आणि की घातली. आता अँटिव्हायरसची स्वतःची स्क्रीन हिरवीगार आहे, पण विंडोज सिक्युरिटी या विंडोजच्या सुरक्षेच्या स्क्रीनवर त्याचे नावच नाही. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, चालूच आहे, कोपऱ्यातल्या ढालीवर पिवळी खूण आहे आणि दुसऱ्याच दिवशी डिफेंडरने ‘थ्रेट सापडला’ म्हणून आरोळी ठोकली. पुन्हा फॉरमॅट मारू का, असे विचारता.

नका मारू. वीस-बावीस वर्षे हेच काम करतोय. या तक्रारीवर दुसऱ्यांदा फॉरमॅट मारून मशीन बरे झाल्याचे क्वचितच पाहिले. त्याच पेनड्राइव्हवरून तीच विंडोज येते, त्याच सीडीवरून तोच अँटिव्हायरस, आणि संध्याकाळी परत तीच पिवळी खूण.

‘विंडोजला माझा अँटिव्हायरस सापडत नाही’ असे आपण सगळेच म्हणतो, पण विंडोज तो शोधायला जातच नाही. सिक्युरिटी सेंटर नावाची सेवा २००४ साली विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर आली. आजच्या विंडोजमध्ये तिची रीत अशी की अँटिव्हायरसने स्वतः तिच्याकडे जाऊन हजेरी लावायची: माझे नाव अमुक, मी चालू आहे, माझी व्हायरसची यादी ताजी आहे. मूल वर्गात बसलेले असले तरी ‘हजर’ म्हटले नाही तर गैरहजेरीच लागते, तसे. आणि दुसऱ्या कोणी हजेरी लावली तरच डिफेंडर आपणहून बाजूला होतो. म्हणजे नाव न दिसणे आणि डिफेंडर बंद न होणे हे तुमचे दोन बिघाड नसून एकच आहे. हजेरी का लागली नाही, एवढेच शोधायचे.

माझा पहिला संशय त्या सीडीवर आहे. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने नियम कडक केला. जो अँटिव्हायरस संरक्षित प्रोसेस म्हणून चालतो, म्हणजे ज्याच्या मुख्य सेवेला दुसरा प्रोग्राम सहजी हात लावू शकत नाही, त्यालाच हजेरी लावता येते. जुन्या बांधणीचा असेल तर तो चालतो, स्कॅन करतो, हिरवी स्क्रीन दाखवतो, पण यादीत येत नाही आणि डिफेंडर त्याच्या शेजारी चालूच राहतो. तुम्ही वर्णन केलेले चित्र हुबेहूब हेच आहे. सीडीचे काम तिच्या पाकिटावर छापलेल्या कीपुरते. सेटअप कायम कंपनीच्या साइटवरून त्या दिवशीचा उतरवून घ्यायचा, मग ती पुण्याची क्विक हील असो की बाहेरची कुठली.

दुसरा संशय दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर. एकदा बनवलेला बूटेबल पेनड्राइव्ह दुकानात वर्षानुवर्षे फिरतो, हे मी माझ्याच टेबलावरचा बघून सांगतो. विंडोजचे बटण आणि आर दाबा, विनव्हर (winver) लिहा, एंटर मारा. तिथे २२एच२, म्हणजे विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, दिसायला हवी. १९०९ किंवा त्याहून मागचे काही दिसले तर अँटिव्हायरसला दोष देण्याआधी विंडोज अपडेट पूर्ण करा. याचे कारण सह्या. अँटिव्हायरसच्या प्रत्येक फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते आणि ती ओळखायची रीत मायक्रोसॉफ्ट मधूनमधून बदलते. २०२३ च्या सुमारास सुरक्षा सॉफ्टवेअरवाले नव्या पद्धतीच्या सहीवर गेले. ती ओळखण्यासाठी विंडोजमध्ये ठरावीक अपडेट लागते, कोणत्या आवृत्तीला कोणते ते मायक्रोसॉफ्टच्या केबी ५०२२६६१ या टिपणात आहे. ते नसेल तर ताजा सेटअप एकतर सुरूच होत नाही, नाहीतर अर्धवट बसतो. म्हणजे जुना सेटअप नव्या विंडोजवर हजेरी लावू शकत नाही आणि नवा सेटअप जुन्या विंडोजवर नीट बसत नाही. तुमच्याकडे दोन्ही जुने असावेत, म्हणून वरवर तरी सगळे बसले.

हाच प्रकार विंडोज ७ वर जास्त छळतो. तिचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, पण आपल्याकडे लग्नपत्रिका आणि पाक्षिके छापणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे पेजमेकर आणि जुन्या मराठी फाँटपायी ती अजून आहे. जुन्या डीव्हीडीवरून सात टाकली की तिला एसएचए-२ प्रकारची सही कळतच नाही. केबी ४४९०६२८ आणि मग केबी ४४७४४१९ ही दोन अपडेट टाकेपर्यंत नव्या अँटिव्हायरसचे ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात बसणारे भाग) ती दारातूनच परत पाठवते. अशी मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवावी, असे माझे मत. गिऱ्हाइके ऐकत नाहीत.

आता घड्याळ. हे ऐकून लोक हसतात, म्हणून एक प्रसंग सांगतो. एका वकिलांच्या ऑफिसात नव्याने विंडोज टाकलेल्या मशीनवर अँटिव्हायरसची की लागेना. लायसन्स तपासताना दर वेळी एरर. मी अँटिव्हायरस दोनदा काढून टाकला, राउटर बंद-चालू केला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून पाहिले. कोपऱ्यातली वेळ तर भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होती. शेवटी उगाच त्या वेळेवर राइट क्लिक केले आणि सेटिंग उघडले. टाइम झोन पॅसिफिक, म्हणजे अमेरिकेचा पश्चिम किनारा! अमेरिकन इंग्लिशची विंडोज टाकली की ती बहुधा तोच झोन धरून बसते. तिथल्या कारकुनांना वेळ चुकीची दिसली, त्यांनी आपोआप वेळ लावायचे बटण बंद केले (‘सारखी बिघडवत होती ती’) आणि हाताने काटे जुळवले. दिसायला वेळ बरोबर झाली, पण आतल्या जागतिक वेळेच्या हिशेबात मशीन साडेतेरा तास पुढे पळत होते, अमेरिकेत उन्हाळी वेळ असेल तर साडेबारा. लायसन्स सर्व्हरला ते पसंत पडेना. झोन बदलून ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ केला, आपोआप वेळेचे बटण चालू केले, आणि की पहिल्या फटक्यात लागली. चहा थंड झाला होता. तेव्हापासून मी कुठल्याही मशीनवर सर्वात आधी तिथे बघतो.

तुमचे मशीन सात वर्षांचे आहे, म्हणून आणखी एक. मेन स्विच बंद करून रात्रभर ठेवल्यावर सकाळी तारीख मागे गेलेली दिसली तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. रुपयाएवढा गोल सेल, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो बदलल्याशिवाय पुढचे काही करू नका.

मग क्रम असा धरा. झोन आणि वेळ नीट करा. विंडोज अपडेट शेवटपर्यंत जाऊ द्या, दोन-तीनदा विचारत राहील, कंटाळू नका. सीडीवरचा अँटिव्हायरस काढा. काढण्याआधी त्याच्या स्क्रीनवर लायसन्स डिअ‍ॅक्टिव्हेट करायची सोय असेल तर ती वापरा, नाहीतर नंतर ‘की आधीच वापरली आहे’ म्हणून कस्टमर केअरला फोन करत बसावे लागेल. नुसत्या अनइन्स्टॉलवर भरवसा ठेवू नका. बहुतेक कंपन्या स्वतःचे सफाईचे साधन देतात: मॅकॅफीचे एमसीपीआर, अव्हास्टचे अव्हास्ट क्लिअर, ईसेटचे सेफ मोडमधून चालवायचे. तुमच्या कंपनीचे कुठले ते तिच्याच साइटवर बघा, तिऱ्हाईत ‘क्लीनर’ नको. मग रीस्टार्ट, ताजा सेटअप, पुन्हा रीस्टार्ट.

रीस्टार्ट म्हणतो तेव्हा रीस्टार्टच करा. शटडाउन करून बटणाने चालू करणे वेगळे पडते. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आहे. त्यात शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवतात आणि सकाळी तोच उठवतात. नव्या ड्रायव्हरला खरी सुरुवात हवी असते, ती रीस्टार्टमध्येच मिळते. ‘तीनदा बंद-चालू केले’ सांगणाऱ्या निम्म्या लोकांनी एकदाही रीस्टार्ट केलेले नसते.

आणि चालू झाल्याझाल्या ढालीकडे बघू नका. सिक्युरिटी सेंटरची सेवा मुद्दाम उशिरा सुरू होणाऱ्यांत आहे, बाकीची धावपळ झाल्यावर साधारण दोन मिनिटांनी ती उठते. तोवर दिसेल ते खरे धरायचे नाही.

दोन-तीन मिनिटांनी विंडोज सिक्युरिटी उघडा, डाव्या कोपऱ्यात खाली सेटिंग्जचे चाक आहे, त्यात ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’. हाच तो हजेरीपट. अँटिव्हायरस, फायरवॉल अशा मथळ्यांखाली नोंदवलेली नावे आणि कोण चालू, कोण बंद, ते इथे कळते. तुमचे नाव आले, चालू दिसले आणि डिफेंडर बंद दिसला, तर काम झाले. नाव आहे पण बंद दिसते, तर अँटिव्हायरसच्या आत रिअल टाइम संरक्षण बंद आहे किंवा मुदत संपली आहे. तिथे विंडोजचा काही संबंध नाही. कधीच काढून टाकलेल्या जुन्या अँटिव्हायरसचे नाव भुतासारखे राहिले असेल (जुन्या विंडोजवरच नवी चढवली असेल तर होते), तर मी तोच अँटिव्हायरस पुन्हा टाकतो आणि या वेळी नीट, सफाईच्या साधनाने काढतो. हजेरीपटाचे पान हाताने फाडण्यापेक्षा हे बरे.

ताजा सेटअप, ताजी विंडोज, बरोबर वेळ, आणि तरीही नाव नाहीच, तर पुढची पायरी डब्ल्यूएमआय. विंडोजमधल्या या माहितीच्या कोठारातच हजेरी लिहिली जाते. इथे एक धोक्याची सूचना. या कोठाराचा, म्हणजे रिपॉझिटरीचा, फोल्डर उडवून टाका, असा सल्ला जुना माणूस देईल. एक्सपीवर मीही तो डोळे मिटून करत असे. आताच्या विंडोजवर असे केले की दुसरेच काहीतरी लंगडे होऊन बसते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून विनएमजीएमटी (winmgmt) या कमांडला आधी ‘व्हेरिफाय रिपॉझिटरी’ विचारायचे. ‘कन्सिस्टंट’ उत्तर आले की हात लावायचा नाही. ‘इनकन्सिस्टंट’ आले तरच ‘सॅल्व्हेज रिपॉझिटरी’. नव्या कोऱ्या विंडोजमध्ये हे कोठार सहसा बिघडत नाही. बिघडलेले निघाले, किंवा सर्व्हिसेसच्या यादीत सिक्युरिटी सेंटर हे नावच नसेल, तर दुकानदाराने ‘लाइट’ विंडोज टाकली आहे असे समजा. वेगासाठी कुणीतरी कापून-छाटून वाटलेली, डिफेंडर आणि सिक्युरिटी सेंटर उपटलेली. फक्त तेवढ्या एका प्रसंगी मी पुन्हा फॉरमॅट मारा म्हणेन, आणि तोही मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने स्वतः बनवलेल्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून.

ज्यांच्याकडे दहा-वीस मशीन आहेत आणि जे हीच माहिती पॉवरशेलने, म्हणजे कमांड लिहून, ओढतात त्यांच्यासाठी: तिथे प्रॉडक्टस्टेट म्हणून एक चमत्कारिक आकडा येतो. डिफेंडर चालू आणि ताजा असेल तर ३९७५६८, बंद असेल तर ३९३४७२. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडमध्ये टाकून आकडा हेक्समध्ये बघा. ३९७५६८ चे होते ०६११००. मधली जोडी १० किंवा ११ म्हणजे चालू, ०० किंवा ०१ म्हणजे बंद. शेवटची जोडी ०० म्हणजे यादी ताजी, १० म्हणजे शिळी. ही उकल वापरणाऱ्यांनी केलेली आहे, पण मला आजवर तिने फसवलेले नाही. विंडोज सर्व्हरवर मात्र हा खटाटोप करू नका. तिथे सिक्युरिटी सेंटर नसतेच, डिफेंडर आपणहून बाजूला होत नाही, तो हाताने काढावा लागतो. टॅलीसाठी सर्व्हर घेतलेल्या छोट्या ऑफिसांत दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले मी कितीदा पाहिले आहेत.

पिवळ्या खुणेने घाबरू नका, तिच्यावर क्लिक करून वाचा. पुष्कळदा तिचा अँटिव्हायरसशी संबंध नसतो. वनड्राइव्ह लावा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करा, असले आर्जव असते. नको असेल तर ‘डिसमिस’ करा, ढाल हिरवी होते.

आता सापडलेला ‘थ्रेट’. प्रोटेक्शन हिस्टरी उघडा, त्या नोंदीवर क्लिक करा आणि ‘अफेक्टेड आयटम्स’पुढचा पत्ता वाचा. नावापेक्षा पत्ता महत्त्वाचा. सी ड्राइव्हवर असेल आणि नावात हॅकटूल, ऑटोकेएमएस असे काही असेल, तर दुकानदाराने विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायला चोरटे साधन वापरले आहे. याची बहुधा गरजही नव्हती. आधीची विंडोज अधिकृत असेल तर तिचे डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेले असते, डिस्क बदलल्याने ते जात नाही. इंटरनेट जोडले की आपोआप लागते. दुकानदाराला हे विचारा जरूर.

पत्ता डी ड्राइव्हचा असेल तर गोष्ट जास्त गंभीर आहे. आपल्याकडे प्रत्येक डी ड्राइव्हवर ‘सॉफ्टवेअर’ किंवा ‘सेटअप’ नावाचा फोल्डर असतो: प्रिंटरचा ड्रायव्हर, कुणीतरी दिलेले फोटोशॉप, मराठी टायपिंगचे काहीतरी. सी कितीही वेळा फॉरमॅट मारा, डीला कोणी हात लावत नाही, कारण तिथे लेकीच्या लग्नाचे फोटो असतात. सॅलिटी, व्हायरट, रॅम्निट या जातीचे व्हायरस नेमके इथे राहतात. ते वेगळी फाइल होऊन बसत नाहीत, आधीच्या प्रत्येक ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामच्या, फाइलच्या पोटात शिरतात. रॅम्निट तर एचटीएमएल फाइलीही सोडत नाही. मग कोऱ्या विंडोजवर माणूस सर्वात आधी काय करतो? डीवरून प्रिंटरचा ड्रायव्हर डबल क्लिक करतो. आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, फॉरमॅट मारूनही व्हायरस गेला नाही. तो गेलाच होता, आपणच हात धरून परत आणला.

तेव्हा डीवरचे कुठलेही सेटअप चालवू नका. ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवे घ्या. तो सेटअपचा फोल्डर सरळ उडवा. अँटिव्हायरसने ‘साफ केलेली’ ईएक्सई पुष्कळदा मोडकीच राहते, तिचा मोह नको. फोटो आणि कागदपत्रे ठेवा. जुन्या हार्ड डिस्कवर आधीच्या विंडोजचा फोल्डर असेल तर त्यातले आपले डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप उचलून तोही काढा, तिथल्या जुन्या क्वारंटाइनमधले (पकडलेल्या फाइलींच्या कोठडीतले) मुडदे नवा अँटिव्हायरस उकरून काढतो आणि उगाच घाबरवतो.

सगळे झाल्यावर नुसत्या हिरव्या रंगावर विसंबायचे नसेल तर आयकार चाचणी करा. आयकार या संस्थेच्या साइटवर ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल मिळते, ती सगळे अँटिव्हायरस ठरवून व्हायरस मानतात. ती उतरवायला जा. ज्याने झडप घातली तो सध्या कामावर आहे. तुमच्या अँटिव्हायरसने घातली तर ठीक. डिफेंडरने घातली तर हजेरी अजून लागलेली नाही. कोणीच घातली नाही तर इंटरनेटची वायर काढा आणि मग मला लिहा.

पैसे भरलेत तर मुदत संपेपर्यंत तुमचा अँटिव्हायरस वापरा. संपल्यावर नुसत्या भीतीपोटी पुन्हा घेऊ नका. घरच्या मशीनला अद्ययावत विंडोजवरचा डिफेंडर माझ्या मते पुरतो. अद्ययावत हा शब्द मात्र तुमच्या बाबतीत अडचणीचा आहे, कारण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि घरगुती वापराची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. तीही २२एच२ असेल आणि सेटिंग्जमधून नाव नोंदवले असेल तरच मिळते. प्रोसेसर आठव्या पिढीचा इंटेल किंवा पुढचा असेल तर मायक्रोसॉफ्टचे पीसी हेल्थ चेक चालवून बघा, विंडोज ११ चढेल. टीपीएम (अकराला लागणारी सुरक्षेची सोय) नाही म्हणाले तर ते बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसते बंद असण्याची शक्यता जास्त.

आज रात्री डी ड्राइव्हचा फुल स्कॅन लावून झोपा. जुनी डिस्क आहे, पाच-सहा तास सहज घेईल. स्क्रीन बंद झाली तरी चालेल, मशीन झोपायला नको. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करून ठेवा. सकाळी विनव्हरचा आकडा, मॅनेज प्रोव्हायडर्समध्ये दिसणारी नावे आणि सापडलेल्या थ्रेटचा पूर्ण पत्ता, एवढे तीन कळवा.